नोकरी सांभाळून सीए इंटरमीजिएट: नागपूरच्या वाणिज्य पदवीधरांसाठी थेट प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

इतवारी आणि गांधीबागेतील पेढ्यांमध्ये, बुटीबोरी व हिंगण्याच्या कारखान्यांत आणि धंतोली-रामदासपेठेतील सीएंच्या कार्यालयांत दिवसभर टॅलीवर नोंदी करणारे, ७ तारखेला टीडीएस भरणारे आणि ११ व २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे दाखल करणारे अनेक तरुण बी.कॉम. झालेले असतात. बारावीनंतर फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, दिली नाही म्हणजे सीएचा मार्ग आपल्यासाठी कायमचा बंद झाला, अशी समजूत त्यांच्यापैकी पुष्कळांनी करून घेतलेली दिसते, आणि ती चुकीची आहे. पदवीधरांना फाउंडेशन न देता इंटरमीजिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, थेट नोंदणी करता येते. मात्र कोणता टप्पा नोकरी करताना पार पडतो आणि कोणत्या टप्प्यावर नोकरी सोडावीच लागते, हे अर्ज भरण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या तारखा त्यावरच ठरतात.

इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआय, ही संस्था १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमानुसार स्थापन झालेली असून नोंदणी, परीक्षा आणि प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी तिच्याच अखत्यारीत येतात. नागपूर शाखा धंतोलीत आहे. १ जुलै २०२३ पासून संस्थेची नवी शिक्षण व प्रशिक्षण योजना लागू झाली असल्यामुळे त्याआधी सीए झालेल्या ज्येष्ठांकडून मिळणारी माहिती प्रामाणिक असली तरी काही बाबतींत जुनी असू शकते. विशेषतः आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण, ३ वर्षांची असते, किंवा थेट प्रवेश घेतलेल्यांना परीक्षेपूर्वीच आर्टिकलशिप लावावी लागते, हे नियम आता राहिलेले नाहीत.

पात्रता कोणाची

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला किंवा पदव्युत्तर पदवीधराला किमान ५५ टक्के गुण असावे लागतात. येथे वाणिज्य शाखा म्हणजे लेखाकर्म, लेखापरीक्षण, व्यापारी कायदे, कंपनी कायदे, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, कर, परिव्यय (कॉस्टिंग) अशा ठरवून दिलेल्या विषयांपैकी किमान तीन विषय प्रत्येकी १०० गुणांचे घेऊन मिळवलेली पदवी होय. इतर शाखांच्या पदवीधरांसाठी ही मर्यादा ६० टक्के आहे. कंपनी सचिव किंवा कॉस्ट अकाउंटंट यांच्या संस्थेची इंटरमीजिएट पातळीवरील परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही थेट प्रवेश मिळतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत असलेल्यांसाठी तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे, परंतु आवश्यक गुणांसह पदवी मिळाल्याचा पुरावा दिलेल्या मुदतीत सादर केला तरच ती कायम होते.

बी.कॉम.ला ५२ किंवा ५३ टक्के मिळालेल्यांनी येथेच निराश होऊ नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून एम.कॉम. करून त्यात ५५ टक्के मिळवले, तर त्या पदव्युत्तर पदवीच्या आधारे थेट प्रवेश घेता येतो. दुसरा मार्ग फाउंडेशनचा आहे: चार विषयांचे प्रत्येकी १०० गुणांचे पेपर, नोंदणीनंतर ४ महिन्यांचा अभ्यासकाळ, आणि प्रत्येक पेपरला ४० टक्के व एकूण ५० टक्के मिळाल्यास उत्तीर्ण. ज्याला केवळ सीएच व्हायचे आहे, त्याने एम.कॉम.ची दोन वर्षे घालण्यापेक्षा फाउंडेशन द्यावे असे मला वाटते, कारण फाउंडेशनचा वेळ पुढच्या अभ्यासक्रमाच्या पायाभरणीतच खर्च होतो.

कागदपत्रे, आणि नावाचा प्रश्न

नोंदणी संस्थेच्या स्वयंसेवा पोर्टलवर ऑनलाइन होते. त्यासाठी छायाचित्र, स्वाक्षरी, जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्र, आणि लागू असल्यास जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हाती येत असल्यामुळे त्यापूर्वी अर्ज करणाऱ्यांनी अंतिम वर्षाची गुणपत्रिका जोडावी. गुणपत्रिकेवर टक्केवारीऐवजी श्रेणीगुण छापलेले असतील, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून टक्केवारीत रूपांतर केल्याचे पत्र आधीच घेऊन ठेवावे. साक्षांकन मागितलेल्या प्रतींवर सनदी लेखापाल, राजपत्रित अधिकारी किंवा शिक्षणसंस्थेचे प्रमुख यांची स्वाक्षरी व शिक्का चालतो. जी. एस. कॉलेज, हिस्लॉप, धनवटे नॅशनल किंवा अन्य कोणत्याही महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांना आपल्या प्राचार्यांकडे जाणे बहुधा सर्वांत सोपे पडते.

या सर्वांत अधिक काळजी नावाची घ्यावी लागते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव स्वतंत्र रकान्यात असते, आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते, आणि काहींच्या आधारवर वडिलांचे नाव मुळीच नसते. रोमन लिपीतील स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असणे तर नेहमीचेच आहे. नोंदणी दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावाप्रमाणे करावी आणि आधार व पॅन त्याच्याशी जुळवून घ्यावेत, कारण येथे नोंदवलेले नावच प्रवेशपत्रावर, गुणपत्रिकेवर आणि पुढे सभासदत्वाच्या प्रमाणपत्रावर येते. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह प्रमाणपत्र किंवा शासन राजपत्रातील नावबदलाची प्रत तयार ठेवावी. आधारमधील दुरुस्तीला आणि राजपत्रातील प्रसिद्धीला वेळ लागतो, म्हणून हे काम नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या किमान दोन महिने आधी हाती घ्यावे.

इंटरमीजिएटच्या दोन्ही ग्रुपसाठी नोंदणी शुल्क १८,००० रुपये आहे. शुल्कात वेळोवेळी बदल होत असल्याने भरण्यापूर्वी पोर्टलवरील आकडा पाहून घ्यावा. नोंदणी ५ वर्षे वैध राहते आणि एकदा नूतनीकरण करता येते.

कोणती तारीख, कोणता अटेम्प्ट

परीक्षा वर्षातून तीनदा, म्हणजे जानेवारी, मे आणि सप्टेंबर या महिन्यांत होते. नोंदणी आणि पहिली परीक्षा यांमध्ये ८ महिन्यांचा अभ्यासकाळ पूर्ण व्हावा लागतो. त्यामुळे १ जानेवारीपर्यंत नोंदणी केल्यास सप्टेंबरमध्ये, १ मेपर्यंत केल्यास पुढच्या जानेवारीत आणि १ सप्टेंबरपर्यंत केल्यास पुढच्या मे महिन्यात परीक्षेला बसता येते. तारीख एका दिवसाने हुकली तरी अटेम्प्ट चार महिने पुढे जातो. पोर्टलवर शुल्क भरताना व्यवहार अडकणे अशक्य नसल्यामुळे शेवटच्या दिवसावर विसंबू नये.

नोकरी करणाऱ्याने अटेम्प्ट निवडताना आपल्या कामाचे वार्षिक वेळापत्रक समोर ठेवावे, कारण इतर विद्यार्थ्यांना न भेडसावणारी अडचण त्याच्यापुढे असते. करलेखापरीक्षणाचा अहवाल देण्याची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर असल्यामुळे सीएंच्या कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी सप्टेंबरचा अटेम्प्ट सर्वांत कठीण जातो. ऑगस्टमध्ये, म्हणजे उजळणीच्या ऐन दिवसांत, रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. जानेवारीच्या आधी ३१ डिसेंबरला जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र असते, परंतु व्यापारी पेढीत काम करणाऱ्यांवर हा भार तुलनेने कमी पडतो. मे महिन्याच्या आधी मार्चअखेरची धावपळ असते आणि ३१ मे ही चौथ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्राची मुदत असते, तरी एप्रिलचे दिवस बऱ्यापैकी मोकळे मिळतात. म्हणून सीएंच्या कार्यालयात असलेल्यांनी मे आणि पेढीत किंवा कारखान्यात असलेल्यांनी जानेवारी धरावा, असा माझा सल्ला आहे. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि परीक्षा दुपारी २ वाजता सुरू होते, वाचनाची १५ मिनिटे धरता त्याही आधी जागेवर बसावे लागते. त्यामुळे केंद्र घरापासून लांब मिळाल्यास भर उन्हात दुचाकीने जाण्याऐवजी सकाळीच त्या भागात पोहोचून तेथे उजळणी करणे शहाणपणाचे ठरते.

इंटरमीजिएटमध्ये सहा पेपर असून ते तीन-तीनच्या दोन ग्रुपमध्ये विभागलेले आहेत. पहिल्या ग्रुपमध्ये प्रगत लेखाकर्म, कंपनी व इतर कायदे आणि कर हे विषय येतात. दुसऱ्यात परिव्यय व व्यवस्थापकीय लेखाकर्म, लेखापरीक्षण व नीतिमत्ता, आणि वित्तीय व व्यूहात्मक व्यवस्थापन असते. प्रत्येक पेपरमध्ये ३० टक्के प्रश्न बहुपर्यायी असतात. प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के आली की ग्रुप निघतो. नोकरी करताना एका वेळी एक ग्रुप देणे शक्य कोटीतील आहे. मात्र दोन्ही एकत्र दिल्यास एका ग्रुपमधील जादा गुण दुसऱ्याची तूट भरून काढू शकतात, हा लाभ एकेक ग्रुप देणाऱ्याला मिळत नाही. ग्रुप निघाला नाही तरी एखाद्या पेपरात ६० गुण असतील, तर त्या पेपरात पुढील तीन परीक्षांसाठी सूट मिळते. कर विषय दररोज हाताळणाऱ्यांना तो सोपा वाटतो. परंतु कार्यालयात आपण चालू वर्षाच्या दरांनी काम करतो आणि परीक्षेला मात्र संस्थेने त्या अटेम्प्टसाठी लागू केलेल्या तरतुदीच विचारल्या जातात, हे विसरू नये.

नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला, असे नसते. प्रत्येक अटेम्प्टसाठी परीक्षा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो. त्यात ग्रुप, केंद्राचे शहर आणि माध्यम निवडायचे असते. माध्यमासाठी इंग्रजी आणि हिंदी हे दोनच पर्याय आहेत. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत शिकलेल्यांनी कायद्याची उत्तरे पहिल्या महिन्यापासूनच निवडलेल्या भाषेत लिहून सराव करावा. नागपूर हे परीक्षा केंद्र असल्यामुळे बाहेरगावी जावे लागत नाही. संस्थेचे अभ्यास मंडळ अभ्याससाहित्य आणि थेट ऑनलाइन वर्ग विनामूल्य उपलब्ध करून देते, आणि ज्याला खासगी शिकवणीच्या वेळा जुळत नाहीत त्याला त्यांचा खरा उपयोग होतो.

नोकरी कोठे सोडावी लागते

दोन्ही ग्रुप निघेपर्यंत नोकरी चालू ठेवण्यास कोणतीही आडकाठी नाही. आर्टिकलशिपपूर्वी माहिती तंत्रज्ञान आणि ओरिएंटेशन असे दोन अभ्यासवर्ग करावे लागतात. प्रत्येक वर्ग १५ दिवसांचा व पूर्णवेळ असतो. आगाऊ जागा नोंदवावी लागत असल्याने मालकांकडे रजेचे बोलणे त्यानुसार करून ठेवावे.

आर्टिकलशिप मात्र नोकरीबरोबर होत नाही. ती २ वर्षांची असते, आठवड्याला किमान ३५ तास काम करावे लागते, आणि त्या काळात संस्थेच्या परवानगीशिवाय अन्य व्यवसाय किंवा नोकरी करता येत नाही. आधी हिशेबनीस म्हणून केलेली वर्षे, ती सीएच्या कार्यालयातील असली तरी, आर्टिकलशिपमध्ये धरली जात नाहीत. नोंदणीकृत करार सुरू झाल्यापासूनचाच काळ मोजला जातो. त्याच कार्यालयात राहायचे ठरवल्यास तेथील सीए प्रशिक्षणार्थी घेण्यास पात्र आहेत का आणि त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, हे आधी विचारावे. करार नमुना १०२ मध्ये मुद्रांकावर होतो आणि नोंदणीचा नमुना १०३ प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पोर्टलवर सादर करावा लागतो. एम.कॉम.सारखा दुसरा अभ्यासक्रम बरोबर चालू ठेवायचा असेल, तर नमुना ११२ भरून परवानगी घ्यावी लागते.

किमान स्टायपेंड (विद्यावेतन) शहराच्या लोकसंख्येवरून ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर असल्याने ते २० लाख व त्याहून अधिक या सर्वांत वरच्या गटात मोडते. तरीही ही रक्कम अनुभवी हिशेबनीसाच्या पगाराच्या जवळपास जात नाही, आणि घर चालवणाऱ्या तरुणाला सर्वांत मोठा विचार याच दोन वर्षांचा करावा लागतो. इंटरमीजिएटचा अभ्यास सुरू असतानाच घरखर्चाची तरतूद बाजूला काढण्यास सुरुवात करावी आणि घरच्यांशी याबाबत मोकळेपणाने बोलून घ्यावे. कर्जाचे हप्ते चालू असतील, तर ते फेडून झाल्यावर करार करणे अधिक सुरक्षित आहे, कारण दोन्ही ग्रुप निघाल्यानंतर काही महिने थांबल्याने उत्तीर्णता रद्द होत नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात पात्र उद्योगसंस्थेत ९ ते १२ महिने औद्योगिक प्रशिक्षण घेण्याची मुभा आहे. दोन्ही ग्रुप निघालेल्यांनी फायनलची नोंदणी करून घ्यावी. ती १० वर्षे वैध असते. स्वयंगतीने पूर्ण करायचे चार ऑनलाइन अभ्यासघटक आणि माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापकीय कौशल्यांचे प्रगत वर्ग फायनलपूर्वी संपवावे लागतात. आर्टिकलशिप पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांचा अभ्यासकाळ जाऊ दिला की फायनलला बसता येते. १ सप्टेंबरपूर्वी नोंदणी करून मे आणि सप्टेंबरमध्ये एकेक ग्रुप काढणाऱ्या आणि पुढच्या जानेवारीपर्यंत करार करणाऱ्या पदवीधराची फायनल, सर्व काही पहिल्या प्रयत्नात निघाल्यास, नोंदणीपासून साधारण चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये येते. त्यानंतर सभासदत्वाचा अर्ज करायचा असतो.