ब्रिटिश व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर

इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा क्षीण विद्युत संदेश निर्वात नलिकांनी, म्हणजे व्हॉल्व्हनी, वाढवून स्पीकरला देणारा ध्वनिवर्धक. त्याचा ब्रिटिश घाट साधारण १९५८ ते १९७० या काळात घडला आणि त्याच आराखड्यावर आजही नवे ॲम्प बनतात. सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या पिढीला व्हॉल्व्ह ठाऊक आहे तो रेडिओमुळे. बटण फिरवायचे, आतला व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे, मग बातम्या ऐकू यायच्या. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवू लागली. गिटारच्या ॲम्पमधले ईसीसी८३ आणि ईएल८४ हे व्हॉल्व्ह त्याच कुळातले.

सुरुवात व्हॉक्स या नाममुद्रेच्या ॲम्पपासून झाली. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी १५ वॅटचा एसी१५ आखला. मोठ्या सभागृहांत तो पुरेना, म्हणून दोनाऐवजी चार ईएल८४ घालून एसी३० तयार झाला. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. तिथे गिटारवादकही येत आणि परवडणारा, दणकट ॲम्प मागत. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साथीने मार्शल यांनी फेंडर बासमन या अमेरिकन ॲम्पचे सर्किट पुढे ठेवून १९६२ मध्ये जेटीएम४५ उभा केला. सर्किट जवळपास तेच होते, पण पहिल्या पायरीवर जास्त वर्धन करणारा ईसीसी८३ बसला, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचे आले आणि बंद पेटीत सेलेस्टियनचे १२ इंची स्पीकर लागले. त्यामुळे आवाजाचा बाज पार बदलला. १९६५ मध्ये ‘द हू’ या रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून १०० वॅटचा मार्शल आला. डेव्ह रीव्ह्ज यांचा हायवॉट हा ॲम्प नेटक्या वायरिंगसाठी आणि मोठ्या आवाजातही स्वच्छ राहण्यासाठी नावाजला गेला. ऑरेंज हा ॲम्प १९६८ चा.

या ॲम्पचे मर्म ते ‘बिघडतात’ कसे यात आहे. व्हॉल्व्हला पेलणार नाही इतका जोरकस संदेश आला की लहरीचे शेंडे दाबले जातात. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये ते बहुधा एकदम छाटले जातात, व्हॉल्व्हमध्ये हळूहळू गोलावतात. त्यातून मूळ स्वरावर वरचे स्वरांश चढतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायर (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेला वळवणारा व्हॉल्व्ह) असलेल्या ॲम्पमध्ये जोराचा आघात झाला की आतला विजेचा दाब क्षणभर खचतो आणि पुन्हा सावरतो. तार जोरात छेडा, ॲम्प ओरडेल. हलकी छेडा, निवळेल. म्हणून ॲम्पला यंत्र म्हणण्यापेक्षा वाद्याचाच अर्धा भाग म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

मिरजेच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा इतका हळुवार घासतो की तार तिला निसटता स्पर्श करत राहते, आणि खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) व्हॉल्व्हही स्वरांश फुलवतो, पण एक मोठा फरक आहे. जवारीत प्रत्येक तार स्वतंत्र फुलते. ॲम्पमध्ये सगळ्या तारांचा आवाज एकाच वाटेने जातो आणि स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार होतात. त्यामुळे षड्ज-पंचमाची जोडी भरीव वाजते, त्यात गंधार घातला की आवाज गढूळ होतो. रॉक गिटारवादक पाच स्वरांच्या अंतराची जोडी इतकी का वाजवतात, त्याचे मोठे कारण हेच.

कार्यक्रम करणाऱ्याने वॅटला भुलू नये. वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त जागेत १५ वॅटचा ॲम्प आणि त्यापुढे एक माइक पुरतो. १०० वॅटचा ॲम्प तिथे खऱ्या रंगात येईल इतका वाढवताच येत नाही.

विजेच्या बाबतीत ब्रिटिश ॲम्प आपल्याला सोयीचे. इंग्लंडची वीज पूर्वी २४० व्होल्टची होती, आता अधिकृतपणे २३०; आपलीही २३०. अमेरिकेच्या १२० व्होल्टच्या ॲम्पला लागतो तसा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मात्र जत्रेच्या मांडवात विजेचा दाब खाली-वर होतो. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. दाब पडला की आवाज मरगळतो, चढला की व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. त्यामुळे सोबत स्टॅबिलायझर हवाच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. गिटारच्या तारा ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर वाजवताना ओठ माइकला लागला तर झटका जिवावर बेतू शकतो. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. टेम्पोतून खराब रस्त्याने प्रवास झाल्यावर व्हॉल्व्ह बैठकीत नीट बसले आहेत ना, हे आधी पाहावे. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात, म्हणून पेटी जाणकारानेच उघडावी.

कृष्णाकाठी आणखी एक गोष्ट सांगावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला तसा पूर घरात शिरला आणि ॲम्प भिजला, तर चालतो का हे पाहण्यासाठी तो लावू नये. व्हॉल्व्हच्या काचेला पाण्याने फारसे होत नाही. ट्रान्सफॉर्मरमधला कागद मात्र ओल धरतो, वरून कोरडा दिसला तरी. तो पूर्ण वाळवून, इन्सुलेशन मोजून घेतल्यावरच वीज द्यावी. स्पीकरचा कागदी कोन सहसा बदलावा लागतो.