अकायनीट

नील-हरित शैवालांच्या, म्हणजे सायनोबॅक्टेरियांच्या (हे खरे तर प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) तंतूत, म्हणजे पेशींच्या साखळीत, प्रतिकूल काळ तगून राहण्यासाठी तयार होणारी जाड आवरणाची सुप्त पेशी. ॲनाबिना, नॉस्टॉक, सिलिंड्रोस्पर्मम, ग्लिओट्रिकिया इ. प्रजातींत ती आढळते.

बॅसिलस जीवाणूंचा अंतर्बीजाणू (त्यांची सुप्त अवस्था) मूळ पेशीच्या आत वेगळा घडतो. अकायनीटच्या बाबतीत सबंध पेशीच बदलते. ती फुगते, काही जातींत शेजारच्या पेशींच्या दहापट होते, मूळ भित्तीबाहेर नवे थर चढतात आणि आत ग्लायकोजेन व सायनोफायसिन यांचे कण साठतात. सायनोफायसिन हे ॲस्पार्टिक आम्ल व आर्जिनीन या नायट्रोजनयुक्त ॲमिनो आम्लांचे बहुवारिक (रेणूंची लांब साखळी) असल्याने पेशीला नायट्रोजनाची शिदोरी मिळते. चयापचय मंदावतो, पण पूर्ण थांबत नाही. अशी पेशी थंडी आणि कोरडेपणा दीर्घकाळ सोसते. अंतर्बीजाणूइतकी उष्णता मात्र तिला सोसवत नाही.

हेटेरोसिस्ट ही त्याच तंतूतली दुसरी विशेष पेशी, आणि दोघींची गल्लत वारंवार होते. पाण्यातला संयुक्त (नायट्रेट, अमोनिया यांच्या रूपातला) नायट्रोजन संपला की साधारण दर दहा-वीस पेशींमागे एक हेटेरोसिस्ट बनते. ती ऑक्सिजन बाहेर रोखून हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करते, तो शेजारणींना पुरवते आणि पुन्हा कधीच विभाजित होत नाही. अकायनीट वंश पुढे नेते. तिच्या निर्मितीला मुख्यतः अपुरा प्रकाश व फॉस्फेटची टंचाई, तर काही जातींत थंडी कारणीभूत ठरते. जागाही जातीनुसार ठरलेली असते: ॲनाबिना सिलिंड्रिकात ती हेटेरोसिस्टला लागून, तर नॉस्टॉकमध्ये दोन हेटेरोसिस्टच्या मधोमध सुरू होते. एकाच तंतूतल्या, एकच जनुकसंच असलेल्या पेशींनी इतक्या वेगळ्या वाटा धराव्यात, हे जीवाणूंच्या जगात खरोखर विलक्षण आहे.

प्रकाश आणि पोषण परतले की पेशी विभाजित होते, आवरण फुटते किंवा विरघळते आणि नवा तंतू बाहेर येतो. इंग्लंडमधील रॉस्थर्न मिअर या सरोवराच्या गाळातील सुमारे ६४ वर्षांपूर्वीच्या थरातली अकायनीटे प्रयोगशाळेत रुजली आहेत. त्यामुळे पृष्ठभागावरचा शैवालाचा तवंग काढला तरी सरोवर मोकळे झाले असे मानता येत नाही. पुढच्या हंगामाची बीजे तळाशी असतात. गॅबनमधील सुमारे २१० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतले लांबट सूक्ष्म जीवाश्मही अकायनीटांचेच मानले जातात.

भातशेतीत सुप्त राहून तगण्याचा हा गुण थेट उपयोगी पडतो. भाताच्या खाचरांत ही शैवाले नायट्रोजनाची भर घालतात, हे संशोधक पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले. कापणीनंतर मृगाच्या पावसापर्यंत कोकणातली कित्येक खाचरे कोरडी असतात. तेवढा काळ ही शैवाले मातीत सुप्त पेशींच्या रूपाने टिकू शकतात. शैवाल-खत तयार करतानाही उथळ वाफ्यातली वाढ उन्हात वाळवून तिच्या पापड्या साठवतात आणि लावणीनंतर आठवड्याभराने हेक्टरी सुमारे १० किलो या प्रमाणात उभ्या पाण्यात टाकतात.