उबंटू वापरायला आणि सांभाळायला शिकणं

उबंटू ही लिनक्स घराण्यातली फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, डेबियन नावाच्या जुन्या लिनक्सवरून तयार केलेली. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने सुरू केली, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ ची म्हणून तिचा नंबर ४.१०, म्हणजे आधी वर्ष मग महिना, त्या हिशोबाने २४.०४ ही एप्रिल २०२४ ची. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, नवीन माणसाने सरळ तीच घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुना पीसी भंगारात न घालता त्यावर उबंटू टाकायचा विचार बरेच जण करतात, आणि तो चांगलाच विचार आहे.

सुरुवात उबंटू टाकलेल्या पेनड्राइव्हवरून करायची. त्यावरून मशीन चालू करून 'ट्राय उबंटू' निवडलं की हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चालतंय का ते बघता येतं. इन्स्टॉल करताना मात्र 'इरेज डिस्क' दाबलं तर जुनं सगळं जातं, म्हणून फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर.

खरं शिकायचं ते हे की मशीनमध्ये आपलं काय आणि सिस्टीमचं काय. आपल्या फाइली होम फोल्डरमध्ये, तिथे आपण मालक. बाकी ठिकाणी काही बदलायचं तर कमांडच्या आधी 'सुडो' (sudo), म्हणजे पूर्ण अधिकार मागणारा शब्द, लावून पासवर्ड द्यावा लागतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, तो टाइप करताना बऱ्याच आवृत्त्यांत पडद्यावर काहीच उमटत नाही, एक टिंबसुद्धा नाही, त्यामुळे कीबोर्ड बिघडला असं वाटतं, पण तसं काही नसतं, पासवर्ड पूर्ण टाकून एंटर मारायचं. आणि नेटवर सापडलेली सुडोवाली कमांड ती काय करते हे कळल्याशिवाय चिकटवायची नाही, कारण सुडो लावल्यावर मशीन आपल्याला जवळजवळ कशालाच अडवत नाही.

अपडेटमध्ये पण असाच गोंधळ होतो. 'सुडो एपीटी अपडेट' (sudo apt update) फक्त नव्या पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची यादी आणतं, प्रोग्राम खरे बदलतात ते त्यानंतरच्या 'सुडो एपीटी अपग्रेड'ने (sudo apt upgrade), त्यामुळे पहिली कमांड देऊन थांबलात तर मशीन जुनंच राहतं.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली इनपुट सोर्स म्हणून मराठी जोडायचं, मग सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की आणि स्पेस एकत्र दाबली की इंग्रजीतून मराठीत जाता येतं.