बर्फाच्या महादेवाची वाट

एप्रिल लागला की जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटे फिरणाऱ्यांत काही चेहरे नवे दिसतात. पायात कोरे बूट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये वजनासाठी पाण्याच्या दोन-तीन बाटल्या. ही मंडळी अमरनाथची तयारी करत असतात. सात वाजले की ऊन टोचायला लागतं, तोवर त्यांना चार-पाच किलोमीटर उरकायचे असतात. यंदा माझे काका-काकूही त्यांच्यात आहेत.

घरात एक प्लास्टिकची फाईल तयार झाली आहे. आधारच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो, बँकेच्या शाखेतून केलेल्या नोंदणीचा कागद, आणि सगळ्यात वर सरकारी यादीतल्या डॉक्टरांनी दिलेला आरोग्य दाखला. त्या दाखल्यासाठी काकूंनी रक्त तपासलं, ईसीजी काढला, दोन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर काढले. शेवटी वैतागून अहिराणीत म्हणाल्या, "महादेवले भेटाले जानं तं डागदरनी सही कसाले?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर 1996 पर्यंत मागं जावं लागतं.

त्या ऑगस्टमध्ये यात्रा ऐन भरात होती. एक लाखाहून जास्त लोक डोंगरात होते आणि किती जण कुठल्या टप्प्यावर आहेत याचा नीट हिशोब कोणाकडे नव्हता. अशात अवकाळी बर्फ पडायला लागला. पाऊस, वारा आणि बर्फ एकदमच आले. वाटा निसरड्या झाल्या, तंबू अपुरे पडले आणि अंगावरचे सुती कपडे भिजून गार पडले. बर्फाळ वाऱ्यात ओलं सुती कापड शरीरातली ऊब भराभर ओढून घेतं. आपण खान्देशातली माणसं उन्हाळा काढायचा म्हणून जे सूत अंगावर घालतो, तेच तिथं जिवावर उठतं. त्या दिवसांत अडीचशेच्या आसपास यात्रेकरू दगावले.

त्यानंतर केंद्र सरकारनं निवृत्त सनदी अधिकारी डॉ. नीतीश सेनगुप्ता यांची समिती नेमली. रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा, वयाची अट, आधी नोंदणी या गोष्टींचं मूळ या समितीच्या शिफारशींत आहे. पुढं 2012 मध्ये वाटेवर हृदयविकारानं आणि उंचीच्या त्रासानं मोठ्या संख्येनं मृत्यू झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि आरोग्य तपासणीचा नियम कडक झाला. आज 13 वर्षांखालच्या आणि 70 वर्षांवरच्या माणसाला नोंदणी मिळत नाही. बायकांनी साडीऐवजी सलवार-कमीज किंवा ट्रॅकसूट घालावा, खिशात नाव, पत्ता आणि सोबत्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, असंही सूचनांत लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी कशासाठी, हे 1996 माहीत असलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

उंचीचा हिशोबही समजून घ्यावा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर आहे आणि गुहा आहे 3,888 मीटरवर. पहलगामच्या वाटेनं गेलं तर मध्ये महागुणसचा घाट लागतो, तो 4,200 मीटरच्याही वर. गुहेपाशी एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. धडधाकट गडीसुद्धा दहा पावलं टाकून उभा राहतो. मेहरूणला दीड महिना चालून पाय तयार होतात, पण पातळ हवेची सवय सपाटीवर होत नाही. ती डोंगरातच, सावकाश चढत, एक-दोन मुक्काम करत करावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशी बालटालच्या दुसऱ्या, जवळच्या वाटेनं 14 किलोमीटर धावत चढून संध्याकाळी परत, ही हौस मला पटत नाही. पहलगामकडून चंदनवाडीहून जाणारी 32 किलोमीटरची जुनी वाट लांब आहे, पण शरीराला वेळ देणारी आहे.

आणि या वाटेचा इतिहास म्हणजे फक्त गुहेचा इतिहास नव्हे. लोकांना गुहेपर्यंत सुखरूप नेऊन परत आणणाऱ्यांचाही तो इतिहास आहे. तो भाग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो.

पहलगामच्या अलीकडं बटकोट नावाचं गाव आहे. तिथल्या बुटा मलिक नावाच्या मेंढपाळाची कथा काश्मीरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. साधारण 1850 च्या सुमारास डोंगरात त्याला एक साधू भेटला, त्यानं कोळशानं भरलेली पिशवी दिली, घरी येऊन उघडतो तर कोळशाचं सोनं झालेलं. आभार मानायला तो परत गेला, साधू काही दिसला नाही, पण गुहा आणि तिच्यातलं बर्फाचं लिंग दिसलं. कथा म्हणून ती ऐकावी. पण मलिकांचं काम मात्र नुसती दंतकथा नव्हे. काश्मीरमध्ये जमीन महसुलाचं काम पाहिलेल्या वॉल्टर लॉरेन्सनं 1895 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात बटकोटच्या मलिकांची नोंद केली आहे. वाट दुरुस्त ठेवायची, यात्रेकरूंना पुढं होऊन न्यायचं, आजाऱ्याला उचलून आणायचं, कुणाची चीजवस्तू चोरीला जाऊ द्यायची नाही, ही त्यांची जबाबदारी. त्याबद्दल गुहेतल्या दानातला तिसरा हिस्सा त्यांचा. एक मुसलमान घराणं शंकराच्या यात्रेची वाट राखत होतं आणि त्याचा मोबदला देवाच्याच पेटीतून घेत होतं. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली. 2000 मध्ये राज्य विधिमंडळानं कायदा करून श्री अमरनाथजी श्राइन बोर्ड आणलं, त्यानंतर दानातला हा जुना हिस्सा बंद झाला आणि सगळा कारभार बोर्डाकडं आला. बोर्ड आल्यानं शिस्त, नोंदणी, दवाखाने आले, हे खरंच. तरी मलिकांचं नाव यात्रेच्या कुठल्याच कागदावर उरू नये, याचं मला वाईट वाटतं.

पण मग 1850 च्या आधी गुहा कुणाला माहीतच नव्हती का? तसं मुळीच नाही. बाराव्या शतकातल्या कल्हणाच्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासात, अमरेश्वराच्या यात्रेला जाणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे, तोही पहलगामच्या वाटेवरच्या शेषनाग सरोवराच्या कथेसोबत, म्हणजे वाट तीच. अकराव्या शतकातल्या राणी सूर्यमतीनं अमरेश्वराला त्रिशूळ आणि बाणलिंगं अर्पण केल्याचंही त्यात येतं. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-अबिदीन इथं येऊन गेल्याची नोंद कल्हणाचा इतिहास पुढं नेणाऱ्या जोनराजानं केली आहे. माझ्या मते गुहा हरवली नव्हती. अस्थिर काळात दूरच्या लोकांचं येणं तुटलं, वाट मोडली आणि ती पुन्हा बांधून देण्याचं श्रेय त्या मेंढपाळांच्या घराण्याला कथेच्या रूपानं मिळालं. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

आपल्या खान्देशच्या वाचकाला गंमत वाटेल असा एक धागा इथंच सापडतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनं ऐन-ए-अकबरीत या बर्फाच्या लिंगाचं वर्णन केलं आहे: शुक्ल पक्षात ते रोज थोडं थोडं वाढत जातं, पौर्णिमेला दोन गजांहून थोडं उंच होतं आणि मग चंद्राबरोबर उतरतं. त्याच ग्रंथात आपल्या खान्देशच्या सुभ्याचीही माहिती आहे, फक्त तिथं नाव आहे दांदेश. अकबरानं 1601 मध्ये असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून हे नाव पाडलं. त्या मोहिमेत अबुल फझल स्वतः या बाजूला होता. अमरनाथचा बर्फ आणि तापीकाठचा मुलूख, दोन्ही एकाच लेखणीखाली आले आहेत.

चंद्राबरोबर वाढण्याची ही समजूत आजही यात्रेच्या वाटेवर ऐकू येते. श्रद्धेनं पाहणाऱ्याला मी ती नाकारायला सांगणार नाही. पण बर्फ कसा धरतो ते कळलं तर दर्शन काही कमी होत नाही. गुहा चुनखडीच्या डोंगरात आहे. वरच्या बर्फाचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत गुहेच्या छतापर्यंत येतं आणि थेंबथेंब खाली पडतं. हिवाळ्याची थंडी आतल्या दगडात मुरलेली असते, त्यामुळे थेंब जमिनीवर पडताच गोठतो. त्यावर दुसरा पडतो, मग तिसरा. असा खांब खालून वर चढत जातो. थेंब एकाच जागी पडत राहतात म्हणून आकार उभा आणि टोकाला गोलसर येतो. शेजारी दोन छोटे उंचवटे धरतात, त्यांना पार्वती आणि गणपती मानतात. उन्हाळा वाढेल तसं लिंग उतरत जातं. किती दिवस टिकेल ते त्या हिवाळ्यात बर्फ किती पडला आणि जून-जुलैत ऊन किती तापलं यावर ठरतं. 2024 मध्ये 29 जूनला यात्रा सुरू झाली आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात लिंग वितळल्याच्या बातम्या आल्या. उशिरा गेलेल्या कितीतरी लोकांनी रिकाम्या ओट्याला हात जोडले. आमच्या चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला सातपुड्याच्या पोटातून गरम पाण्याची धार बाराही महिने येते. त्या धारेखाली वाढलेल्या माणसाला डोंगरातलंच पाणी डोळ्यांसमोर दगडासारखं उभं राहिलेलं दिसतं, तेव्हा तोंडातून आपोआप निघतं, "माय वं, बरफना महादेव!"

1898 च्या 2 ऑगस्टला स्वामी विवेकानंद या गुहेत गेले. बरोबर भगिनी निवेदिता होत्या. दोन-तीन हजार यात्रेकरूंचा तळ रोज उठे आणि रोज पुढच्या मुक्कामी तंबूंचं गाव वसे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. विवेकानंद तेव्हा 35 वर्षांचे होते, प्रकृती आधीच खालावलेली. गार पाण्यात स्नान करून ते नुसत्या कौपीनात, म्हणजे लंगोटीवर, गुहेत शिरले. पुढं डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या श्रमानं हृदय बंदच पडायचं, त्याऐवजी ते कायमचं मोठं झालं आहे. काकूंना मी हे वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण ईसीजीचा कागद फाईलमध्ये सरळ करून ठेवला.

त्या काळी खान्देशातून तिथं पोचणं म्हणजे घरदार सोडून निघणंच होतं. 1956 मध्ये बनिहालचा बोगदा झाला आणि काश्मीरची सडक हिवाळ्यातही उघडी राहू लागली, 1972 मध्ये जम्मूला रेल्वे आली. पुढं पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस जळगाव-भुसावळवरून जाऊ लागली आणि आमच्याकडच्या माणसाला अमरनाथ आवाक्यात आलं. गावोगावचे जत्थे निघायला लागले, नंतर यात्रा कंपन्या आल्या. आचारी, गॅस, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ सगळं सोबत. जम्मूनंतर मात्र डबे फारसे उघडावे लागत नाहीत, कारण देशभरातून आलेले लोक वाटेवर लंगर लावून बसलेले असतात. 6 जून 2025 पासून कटऱ्याहून चिनाबच्या पुलावरून श्रीनगरपर्यंत रेल्वे धावते आहे. पुढच्या पिढीला जम्मूचा तो लांबलचक बसप्रवास कदाचित कळणारही नाही.

तारखांचा एक घोळ दरवर्षी होतो, तो सांगून ठेवतो. श्रीनगरच्या दशनामी आखाड्यातली चांदीची छडी, म्हणजे छडी मुबारक, श्रावण पौर्णिमेला गुहेत पोचते आणि यात्रा संपते. उत्तरेचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. पौर्णिमा मात्र दोन्हीकडे एकच, आपल्या नारळी पौर्णिमेची. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई देवी बसते, घरोघर रोट होतात. त्या दिवशी घरातली कर्ती बाई बाहेरगावी असून चालत नाही. म्हणून खान्देशातले बहुतेक जत्थे सुरुवातीचेच दिवस धरतात. त्यानं लिंगही पूर्ण उंचीचं दिसण्याची आशा जास्त.

22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्ये अतिरेक्यांनी 26 जणांना मारलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसं होती. आणि पर्यटकांना वाचवायला पुढं झालेला तिथलाच एक घोडेवालाही होता. त्या वर्षी यात्रा 3 जुलैला सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या अनेकांनी नोंदणी रद्द केली. शेजारच्या आक्का गेल्या. गुहेअलीकडच्या पंचतरणीच्या मुक्कामापुढं बर्फाच्या कडेनं घोडा चालेना, तेव्हा घोडेवाल्यानं त्यांना उतरवलं, त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि "माताजी, नीचे मत देखो, मेरा जूता देखो," म्हणत पलीकडं नेलं. त्याचं रबरी बुटाचं टाचेजवळ फाटलेलं टोक त्यांना अजून आठवतं. पलीकडं गेल्यावर आक्कांनी पिशवीतलं केळीच्या वेफर्सचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं. त्यानं एक खाऊन पाहिला आणि विचारलं, केळी कुठं पिकतात? आक्कांनी रावेर-यावलपासून सुरुवात केली आणि गुहेपर्यंत सांगत गेल्या.

काल रात्री काकूंची सॅक भरून झाली. लोकरीचे मोजे, रेनकोट, कापराच्या वड्या, गोळ्यांचा डबा. वरच्या कप्प्यात वेफर्सची तीन पाकिटं आहेत. दोन प्रवासाला. तिसऱ्यावर त्यांनी पेनानं लिहिलंय: घोडावाले.