एकाच रस्त्याच्या दोन उंच्या

नेदरलँड्सची जवळपास २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे तिथे एखाद्या शेताची उंची दहा सेंटीमीटरने चुकली तर पावसाचं पाणी कुठल्या कालव्याकडे जाणार हे गणितच बिघडतं. म्हणून तिथे अख्ख्या देशाची उंची विमानातून लेझरने मोजतात, त्या डेटाला एएचएन म्हणतात आणि तो सगळ्यांना फुकट मिळतो. उड्डाणं हिवाळ्यात, झाडांना पानं नसताना करतात, म्हणजे लेझर खाली जमिनीपर्यंत पोचतो. २००७ ते २०१२ मध्ये देश दुसऱ्यांदा मोजला तेव्हा अट होती की कायम एकाच बाजूला झुकणारी चूक ५ सेंटीमीटरच्या आत हवी.

आता हे ५ सेंटीमीटर किती अवघड आहे बघा. शेतात नांगर जसा एक ओळ संपली की वळून दुसरी धरतो तसंच विमान जातं-येतं, आणि प्रत्येक फेरीत मोजलेला जमिनीचा पट्टा शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढतो. त्या चढलेल्या भागात तोच रस्ता दोनदा मोजला जातो, म्हणजे दोन्ही उंच्या एकच यायला हव्यात, पण बऱ्याचदा येत नाहीत आणि रस्त्याचा उभा छेद घेतला की एकावर एक दोन रस्ते दिसतात! मधे जी खोटी पायरी तयार होते ती कॉम्प्युटरच्या पूर-मॉडेलला बांध वाटते, पाणी तिथेच अडतं.

दोन्ही उंच्यांची सरासरी काढली की पायरी दिसेनाशी होते, पण चूक आतच राहते, आणि मला तरी हा उपाय अजिबात पटत नाही. कारण पट्ट्यांमधला फरक कसा पसरलाय हे बघितलं तर चूक कुठून आली ते कळतं. फरक सगळीकडे सारखाच असेल तर बहुतेक वेळा जीपीएसने विमानाची उंची चुकीची दिलेली असते, मग तो पट्टा तेवढा वर-खाली सरकवायचा. फरक वेळेप्रमाणे हळूहळू बदलत असेल तर विमानाचा मार्गच परत काढून बघावा लागतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे रोलची, म्हणजे लेझर सोडणारा स्कॅनर विमानात एका बाजूला अगदी किंचित कललेला असणं. समजा विमानाची उंची १००० मीटर आहे आणि लेझर दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत जातो, तर पट्ट्याची कड मधल्या रेषेपासून साधारण ३६४ मीटरवर येते, आणि कोन फक्त ०.०१ अंशाने चुकला तरी एक कड ६ सेंटीमीटर वर जाते, दुसरी तेवढीच खाली. शेजारचे दोन पट्टे एकाच दिशेने उडवले असतील तर एकाची खाली गेलेली कड दुसऱ्याच्या वर गेलेल्या कडेला भेटते, फरक दुप्पट होतो आणि लगेच सापडतो. पण विमान उलट दिशेने परत आलं असेल तर दोन्ही कडा एकत्रच खाली जातात (किंवा एकत्रच वर), ओव्हरलॅपमधला, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या भागातला, सरासरी फरक शून्याच्या आसपास येतो आणि जमीन मात्र तिथे खोटी खोलगट झालेली असते. हे पकडायला सगळ्या पट्ट्यांना आडवी छेदणारी एखादी फेरी मारतात, त्या एका फेरीचं मोल फार आहे.

पिचची चूक, म्हणजे स्कॅनर पुढे किंवा मागे कललेला असणं, अजून वेगळी, ती बिंदूंना विमानाच्या दिशेत पुढे-मागे सरकवते, म्हणून सपाट रस्त्यावर काहीच दिसत नाही पण उतरत्या छपरांवर दिसते, एकाच घराला दोन आढी येतात.

तुलना कुठे करायची हेही महत्त्वाचं. डांबरी रस्ता, छप्पर, फरसबंदी चालते, झाडं आणि उंच गवत नाही. पार्किंगमधली गाडी दोन फेऱ्यांच्या मधे निघून गेलेली असू शकते, आणि कालव्याच्या पाण्यावरून लेझर नीट परत येतच नाही. असे हजारो चांगले तुकडे घेऊन प्रोग्राम सगळ्या पट्ट्यांचे कोन आणि उंच्या एकदमच सोडवतो, फरक सगळीकडे कमीत कमी होईपर्यंत.

पण सगळे पट्टे एकमेकांशी छान जुळूनही अख्खा देश ४ सेंटीमीटर वर राहू शकतो. त्यासाठी सर्वेअर जमिनीवर, शक्यतो कडक सपाट जागी, आधीच उंची मोजून ठेवतात. त्यातले काही बिंदू डेटा बसवायला वापरतात आणि उरलेले मुद्दाम बाजूला ठेवतात, सगळं काम संपल्यावर त्यांच्याशीच ताडून बघायला.