हेडचा बोल्ट ही एक स्प्रिंगच

गाडी तापून बंद पडली, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली आणि मेकॅनिकने “हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवावे लागेल” असे सांगितले, की मालक प्रथम गॅस्केटची, म्हणजे हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या गळती रोखणाऱ्या पातळ थराची, किंमत विचारतो. गॅस्केट महाग असो वा स्वस्त, ते टिकणार की नाही हे बव्हंशी ठरते ते त्याला दाबून धरणाऱ्या बोल्टांवर, आणि हेड पुन्हा बसवताना सर्वाधिक हयगय होते तीही तिथेच.

मारुती ८०० च्या ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनात तीन सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आहे. ज्वलनाचा दाब ५० बारपर्यंत चढला असे धरले, तर एका सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारा जोर सुमारे १,८८० किलो वजनाइतका, म्हणजे त्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त भरतो. आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये असे ज्वलन सेकंदाला २५ वेळा होते. त्यात उष्णतेची भर पडते. अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. ४० सेंटिमीटर लांबीचे असे हेड ७० अंशांनी तापले की सुमारे ०.६४ मिलिमीटर लांबते, तर ब्लॉक त्याच्या जेमतेम निम्म्याने. दोघांमध्ये दबलेले गॅस्केट दर वेळी थोडे घासले जाते, म्हणून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट हवेत. हेडवर सरळ पट्टी आडवी धरून खाली फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या संचातली) ०.०५ मिलिमीटरची पाती सहज शिरू लागली, तर हेड फेसिंगला, म्हणजे यंत्रावर सपाट करून घ्यायला, पाठवण्याचा विचार करावा.

आता बोल्ट. कसलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. हेड दाबून ठेवते ते हे आखडणे. टॉर्क पाना मात्र हा ताण मोजत नाही, तो फक्त बोल्ट फिरवायला किती जोर लागला ते सांगतो, आणि त्या जोरातला साधारण ९० टक्के भाग बोल्टाच्या डोक्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडतो. आटे गंजलेले असले, तर पाना नेमका आकडा दाखवूनही गॅस्केटवर पुरेसा दाब येत नाही. माझ्या मते तारेच्या ब्रशने आटे साफ करण्यात गेलेला अर्धा तास महागड्या पान्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. ब्लॉकमधली बंद भोकेही कोरडी करावीत, कारण तळाशी साचलेले तेल दाबले जात नाही आणि बोल्ट खाली उतरताना त्या तेलाच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

घर्षणाची ही अडचण टाळण्यासाठी पुष्कळ नव्या इंजिनांत बोल्ट आधी हलक्या टॉर्कवर बसवून मग ठरावीक अंशांत फिरवतात. आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर असेल, तर ९० अंशांत बोल्ट ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकतो, मग घर्षण कितीही असो. यांतले काही बोल्ट कायमचे लांबण्याच्या सीमेपलीकडे मुद्दाम ताणलेले असतात. ते पुन्हा वापरू नयेत. एका गॅरेजने आमच्या गाडीला जुनेच बोल्ट लावले आणि काही महिन्यांत हेड पुन्हा उतरवावे लागले. बोल्ट कसण्याचा क्रम एरवी मधून कडांकडे आणि टप्प्याटप्प्याने. फॉर्मायका चिकटवताना सुतारही फुगा मध्ये अडकू नये म्हणून मधूनच दाबत जातो.

हेड बसले की टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली मोकळी जागा, तपासावी. ती इनलेट व्हॉल्व्हपेक्षा जळालेला वायू सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बहुधा जास्त ठेवतात, कारण तो व्हॉल्व्ह अधिक तापतो आणि अधिक लांबतो. फट फारच कमी राहिली, तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, सीटमार्गे (मिटल्यावर तो टेकतो त्या बैठकीमार्गे) त्याची उष्णता निघून जात नाही आणि त्याची कड जळते.

क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा टायमिंग बेल्ट चढवल्यावर किल्लीला हात लावण्याआधी क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावा, कारण तेवढ्यात कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि दोन्हींच्या चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. मध्येच पाना टणकन अडला, तर जोर न लावता थांबावे. पिस्टन बहुधा व्हॉल्व्हला टेकलेला असतो.