पावसाळ्यात लंगोट सुकत का नाही

आमची धाकटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जन्मली, म्हणजे मालवणात पाऊस आणि ती साधारण एकदमच आले. दुसरं बाळंतपण म्हणून आमच्याकडेच होतं, बायकोने आधीच सांगून ठेवलेलं की लंगोट तू धुणार, मी म्हटलं हो, त्यात काय. धुण्यात खरंच काही नाही हो. सुकवणं! दिवसाला वीस-बावीस लंगोट, पडवीत तीन दोऱ्या, आणि काल सकाळी वाळत घातलेला लंगोट आज दुपारी गालाला लावून बघावा तर गार. (गालालाच लावायचा, हाताला ओल कळत नाही, हे आईने शिकवलं.)

शेवटी वैतागून किचनमधला वजनकाटा काढला. आईच्या जुन्या सुती साडीचा एक लंगोट कोरडा ३० ग्रॅम, पिळून काढल्यावर ६०. म्हणजे पाणी ३० ग्रॅम, दोन मोठे चमचे. वीस लंगोटांचं मिळून ६०० ग्रॅम. एवढंसं पाणी उडायला दोन दोन दिवस?

तर त्या पाण्याला जायला जागाच नसते. हवेत वाफ किती मावणार हे तापमानावर ठरतं, २८ अंशाला एक घनमीटर हवेत साधारण २७ ग्रॅम मावते. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्यातले चोवीस-पंचवीस ग्रॅम आधीच भरलेले, रिकामी जागा जेमतेम पावणेतीन ग्रॅमची. मे महिन्यातली दुपार घ्या, ३२ अंश आणि ६५ टक्के धरले तर जागा जवळजवळ १२ ग्रॅमची. आता आमची खोली दहा बाय बाराची, पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून खिडक्या बंद, आत हवा ३० घनमीटर. करा हिशेब. ती सगळी हवा मिळून फार तर ८० ग्रॅम पाणी घेईल, म्हणजे तिसरा लंगोट पुरता सुकायच्या आधीच खेळ खलास, उरलेले सतरा नुसते लटकलेले. वर पंखा फुल्ल. पंखा कापडाला चिकटलेला दमट हवेचा थर हटवतो हे बरोबर, पण खोलीतली हवाच भरली की तो तीच हवा गोल गोल फिरवत बसतो.

आई पहिल्या दिवसापासून सांगत होती, "झिला, असां सुकूचां नाय, चुलीवर घाल." मला वाटायचं धुराचा वास लागेल. लागतोच थोडा. पण हवा २८ वरून ३४ अंशांवर नेली की आतली वाफ तेवढीच राहते आणि मावण्याची हद्द ३७ ग्रॅमच्या पुढे जाते, रिकामी जागा एकदम तेरा ग्रॅमची. सहा अंशांत पाचपट जवळजवळ! न्हाणीतल्या चुलीच्या वर जी बांबूची दांडी आहे, जिच्यावर आजीने माझ्या बाबांची दुपटी सुकवली, ती नेमकं हेच करते. आंघोळीचं पाणी तापतं तेवढ्या वेळात आठ-दहा लंगोट निघतात, वरचं एक कौल जरा सरकवून ठेवायचं, दमट हवा तिथून पळते. चूल नसेल तर इस्त्री, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूची एक खिडकी उघडी.

नवीन पद्धतीचे कापडी डायपरही घेतलेत, बटणवाले, वरून चित्रं. दिसायला गोड आणि गळत नाहीत, कारण बाहेरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, पातळ थर असतो. पण आतला पाच थरांचा 'बांबू'चा पॅड! बांबू म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस, लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा, तो पाणी भरपूर धरतो आणि धरूनच बसतो. मधल्या थरातलं पाणी आधी बाहेरच्या थरापर्यंत यायला हवं, मग उडणार. एकेरी साडीच्या कापडात हा प्रवासच नाही, म्हणून पावसाळ्यात तीच जिंकते. शिवाय नव्या सुतावर मेणासारखा थर असतो, धुवून धुवून तो जातो, म्हणून जुनं कापड जास्त टिपतं. (फॅब्रिक सॉफ्टनर घालाल तर पुन्हा तसाच थर चढेल, लंगोटांना तो नकोच.)

अर्धवट सुकलेल्या लंगोटाला येणारा तो कुबट वास, तो लघवीचा नसतो बरं का. २०१२ साली जपानी संशोधकांनी ओल्या कपड्यांच्या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू दाखवून दिला, आणि तो कोरडेपणा आणि ऊनसुद्धा बऱ्यापैकी सोसतो. म्हणून वास बसला की उकळतं पाणीच. लघवीचा वास वेगळा, नाकात झोंबणारा. जिवाणू युरियापासून अमोनिया करतात, त्याने त्वचेवरची आम्लता जाते आणि शीमधले एन्झाइम जोरात येतात, रॅश येते ती अशी. यावर पावडर नाही, लगेच बदलणं. त्वचेच्या घडीच्या आत लाल चट्टे आणि आजूबाजूला ठिपके दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

पर्यावरणाचं म्हणाल तर तिथेही गाडी सुकवण्यापाशीच येते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये हिशेब मांडला, अडीच वर्षांचे डिस्पोजेबल म्हणजे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड आणि कापडी सरासरी ५७०! कापडी जास्त! पण दोरीवर सुकवले, मशीन भरून लावली आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले तर ४० टक्के कमी. ड्रायर लावलात तर उलट वाढतो.

रात्री मात्र आम्ही एक डिस्पोजेबल घालतो. आतले सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे साधं पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितात, लघवीतल्या मिठामुळे ते काही दहापटींवर येतं, तरी सहा तास झोप मिळते, आणि बाळापेक्षा ती आम्हाला हवी. सकाळी तो कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर नीट गुंडाळून द्या म्हटलं होतं, पण घंटागाडी आमच्या वाडीत येत नाही, रस्त्यापर्यंत नेऊन द्यावा लागतो.

परवा दोन तास कडकडीत ऊन पडलं. सगळे चोवीस लंगोट खळ्यात काढले, आणि सर आली तेव्हा मी फोनवर होतो.